हाक न मारलेली खोली

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याला पटणार नाही त्याने खुशाल हसावं, पण मला शहाणपण शिकवायला येऊ नये. गोष्ट माझ्या सख्ख्या मामाची आहे, आणि तिचा शेवट मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

आधीच सांगते, यात मध्यरात्र नाही. वादळ नाही. कुत्रं रडत नाही.

बुधवार होता. दुपारचे सव्वाबारा. डोळ्यांवर हात धरावा लागेल असं ऊन.

मामाचं काम कुलूप-किल्लीचं. सगळे त्याला किल्लीकाका म्हणतात. "कुलूप माझ्याशी बोलतं," असं तो तीस वर्षं सांगत आलाय. त्यावर मामी म्हणायची, "त्याच्याशी बोलून उरलं तर माझ्याशीही दोन शब्द बोला."

मामीला दमा. बारा वर्षांचा, हट्टी.

त्यात घर कुठे, तर वेल्डिंगच्या वर्कशॉपच्या वर. दोन खोल्या, उभा जिना, आणि दिवसभर खालून वर येणारा धूर. मामी श्वास घ्यायची तेव्हा छातीतून शिट्टी वाजायची. आत घेताना आखूड, सोडताना लांब. तिसऱ्या पायरीवर ती बसायची, सहाव्या पायरीवर परत बसायची. डॉक्टरांनी शेवटी हात टेकले. म्हणाले, "औषध आणखी किती वाढवू? घर बदला. या घरात त्या पुढचा हिवाळा काढणार नाहीत."

मामाच्या तोंडचं पाणी पळालं.

आणि मग हे घर आलं.

बँकेने जप्त केलेलं. कर्ज फिटलं नाही म्हणून एका कुटुंबाच्या हातून गेलेलं. दोनदा लिलाव लावला, कोणी फिरकलं नाही, कारण घराची दशाच तशी. छप्पर गळतंय, भिंतींना ओल, स्वयंपाकघराच्या चौकटीला वाळवी. पण बैठं घर. पाच खोल्या, मागे अंगण, आजूबाजूला धूर नाही. आणि किंमत इतकी खाली आलेली, की मामासारख्या माणसालाही परवडावी. सोमवारपर्यंत काय ते ठरवायचं होतं.

एकच गोष्ट मामाने मामीपासून लपवली होती.

त्या घराची कुलपं त्यानेच लावली होती.

बँक घर ताब्यात घ्यायला जाते तेव्हा सोबत किल्लीवाला लागतो. मामा बरीच वर्षं ते काम करायचा. मान खाली घालून जायचा, कुलपं लावायचा, मान खाली घालून परत यायचा. मामीला कळलं असतं तर तिने त्या घरात पाऊल टाकलं नसतं.

तर बुधवारी तिघं गेली. मामा, मामी आणि दुरुस्तीचा अंदाज द्यायला एक गवंडी. बँकेचा कारकून किल्ल्यांचा जुडगा देऊन बाहेर झाडाखाली मोबाइल बघत बसला.

आत बोटभर धूळ. गवंडी भिंतीवर हातोडीचा दांडा आपटत फिरत होता आणि दर दोन मिनिटांनी "अरे देवा" म्हणत होता. चार खोल्यांची कुलपं गंजलेली. मामाने तेल सोडलं, झटापट केली, तेव्हा कुठे उघडली.

पाचवी खोली अगदी मागची.

तिथे किल्ली लावली, आणि...

कुलूप लोण्यासारखं उघडलं.

साडेतीन वर्षं बंद असलेलं कुलूप. मामाने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. गंजाचा ठिपका नाही. रोज वापरात असावं तसं.

दार ढकललं. उघडेना.

"ओलीने फुगलं असेल," गवंडी म्हणाला आणि त्याने खांदा लावला. दार तसूभर हललं आणि आत काहीतरी खटकलं.

मामाने तो आवाज ओळखला.

आतून खिट्टी लावलेली होती.

बाहेरून कुलूप. आतून खिट्टी. खिडकीला जाड गज, आणि ते सगळे जागच्या जागी.

मामाने पिशवीतून पातळ पोलादी पट्टी काढली. फटीतून सरकवली, खिट्टीखाली टेकवली आणि वर उचलली. असली कामं त्याने हजार वेळा केलीत. गंजलेली खिट्टी करकरते. अडकलेली हलतच नाही.

ही जराशी वर आली...

आणि परत खाली दाबली गेली.

हळूच. पलीकडून कोणी बोट ठेवावं तशी.

मामाने परत उचलली. परत दाबली गेली. त्याच्या हाताला घाम फुटला, पट्टी निसटायला लागली. मागे मामी जोरजोरात श्वास घेत उभी होती, शिट्टी वाजत होती. ती म्हणाली, "अहो, काय झालं?"

तिचा आवाज ऐकला आणि बोट निघालं.

खिट्टी आपोआप वर गेली.

खोली रिकामी होती. रिकामी आणि स्वच्छ. धूळ नाही, जाळं नाही, ओल नाही. फक्त दाराच्या मागे, भिंतीवर, खाली बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर... एक तेलकट डाग. रोज एकाच जागी डोकं टेकून बसलं की पडतो तसा.

मामी आत गेली आणि खिडकीच्या कट्ट्यावर टेकली. "थांबा हो जरा. दम लागलाय."

गवंडी भिंती बघायला लागला. मामा डागाकडे बघत राहिला.

दोन मिनिटं गेली असतील. मामी म्हणाली, "अहो... किती बरं वाटतंय इथे. छातीवरचं कोणी उचलून घ्यावं तसं."

मामाने ऐकलं. मामीची शिट्टी बंद झाली होती. बारा वर्षांत पहिल्यांदा. ती शांत बसली होती, गालांवर रंग आला होता.

त्याचा जीव भांड्यात पडला. आणि पडतो न पडतो तोच त्याला कळलं...

शिट्टी बंद झाली नव्हती.

ती दारामागून येत होती.

आत घेताना आखूड. सोडताना लांब. खालून, डागाच्या जागेवरून. तिथे कोणीही नव्हतं.

गवंड्यानेही ऐकलं. हातोडी हातात तशीच धरून तो थेट अंगणात गेला. नंतर मामाला म्हणाला, "काका, बाकीचं घर दोन महिन्यांत उभं करून देतो. त्या खोलीला माझा हात लागणार नाही. मला लेकरंबाळं आहेत."

घरी आल्यावर मामीचं एकच पालुपद. "घेऊया ना हो. किती वर्षांनी पोटभर श्वास घेतला मी." मामा हूं की चूं करेना. ती चिडली. "बायकोपेक्षा गळकं छप्पर मोठं झालं का तुम्हाला?" आणि तेवढं बोलूनच तिला धाप लागली.

बँकेने ताबा घेतला तो दिवस मामाला आठवत होता.

मामाची एक सवय आहे. भरलेलं घर बंद करताना प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहून तो मोठ्याने विचारतो, "कोणी आहे का आत? बाहेर या." मग कुलूप. त्याच्या गुरूने शिकवलेलं. कोपऱ्यात झोपलेलं मूल, मांजर, काहीही राहू शकतं. हाक मारल्याशिवाय कुलूप लावायचं नाही.

त्या दिवशी बाहेर रडारड चाललेली. बँकेचा साहेब घड्याळ बघत होता. धाकट्या मुलीचं दप्तर आत राहिलं म्हणून मामा ते आणायला धावला, देऊन परत आला. मागच्या खोलीचं दार ओढलेलं दिसलं. त्याला वाटलं, झालं इथलं.

त्याने कुलूप लावून टाकलं.

शुक्रवारी मामाने त्या कुटुंबाचा पत्ता काढला. भाड्याची एक खोली, दारातच शिलाई मशीन. घरातली सून काम करत होती. तिने मान वर केली आणि लगेच ओळखलं.

"तुम्ही किल्लीवाले."

ती भांडली असती तर मामाला बरं वाटलं असतं. तिने पाणी दिलं.

मामाने चाचरत विचारलं, "त्या दिवशी... मागच्या खोलीत कोणी राहिलं तर नव्हतं ना?"

"नाही. आम्ही पाचही जण बाहेर होतो. ती खोली सासूबाईंची. त्यांना मीच हाताला धरून गाडीत बसवलं होतं. दमेकरी बाई, चालवत नव्हतं."

"मग..."

"त्या गाडीत बसून तुमच्या हाका ऐकत होत्या. बोटांवर मोजत होत्या. चार झाल्या. मग तुम्ही मुख्य दार लावलंत आणि त्या एकदम रडायला लागल्या." तिने मशीन थांबवलं. "म्हणाल्या, मला आत ठेवलं. माझ्या खोलीत हाकच मारली नाही."

मामाने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आठ महिने रोज तेच. मला आणायला कधी जाताय? आम्ही सांगायचो, आई, तुम्ही इथेच आहात, हा बघा तुमचा हात माझ्या हातात. त्या आम्हीच वेडे असल्यासारखं आमच्याकडे बघायच्या. गेल्या तेव्हा मी जवळ होते. म्हणाल्या, बरं झालं, इकडचं आटपलं एकदाचं."



मग सून म्हणाली, "घर कोणीही घ्या. आमचा राग नाही. पण एकदा जाऊन हाक मारा. तुमचीच राहिलीय. एका वाक्याचं तर काम आहे."

"मारतो," मामा म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

शनिवारी सकाळी मामी जिन्यात पडली.

ओठ निळे पडलेले. वर्कशॉपमधल्या माणसांनी उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर मामाला बाजूला घेऊन म्हणाले, "या वेळी वाचल्या." बस, तेवढंच.

तिथून मामा थेट त्या घरी गेला. एकटा. मागच्या खोलीचं कुलूप काढलं. या वेळी खिट्टी नव्हती, दार सहज उघडलं.

दारामागे शिट्टी वाजत होती.

मामा उंबऱ्यात उभा राहिला. ओठ ओले केले. "को..."

शिट्टी थांबली.

समोर खिडकीचा कट्टा होता. तिथे मामी बसली होती, बुधवारी, गालांवर रंग आलेली. मामाला वाटलं, म्हातारी बाहेर पडली तर ही खोली मग नुसती खोली. बाकीच्या चार खोल्यांसारखी. मग माझी बायको श्वास कुठे घेईल?

त्याने तोंड मिटलं.

दार ओढून घेतलं. कुलूप लावलं, आवाज न करता, चोरासारखं. सोमवारी बँकेत सही केली. दुसरं कोणी गिऱ्हाईक नव्हतंच.

हे सगळं मला माहीत नव्हतं. मी मागच्या महिन्यात पहिल्यांदा तिकडे राहायला गेले. घर ओळखू येत नव्हतं. नवं छप्पर, नवा रंग. आणि मामी! अंगाने भरलेली, हसरी, वीस वर्षांनी लहान. दिवसभर मागच्या खोलीत बसून काहीबाही शिवत असते. रात्री तिथेच झोपते. मामा बाहेर, दाराशी सतरंजी टाकून.

एक गोष्ट मात्र विचित्र वाटली. त्या घरात कोणी कोणाला हाक मारत नाही. मामीला बोलवायचं तर मामा उठून जातो आणि खांद्याला हात लावतो. मला वाटलं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय.

दुपारी मी चहा टाकला आणि तिच्या खोलीशी गेले. मामी खिडकीत पाठमोरी बसली होती. मी तोंड उघडलं, "मा..."

मागून मामाचा हात माझ्या तोंडावर पडला. इतका जोरात, की दात ओठात रुतले.

तो मला अंगणात घेऊन गेला. आणि सगळं सांगितलं. बुधवारपासून सगळं.

मी म्हटलं, "मामा, ती बिचारी म्हातारी इतकी वर्षं दारामागे बसलीय. आणि तुझ्या बायकोचा दमा ओढतेय."

"ठाऊक आहे मला."

"मग मार ना हाक! माणूस आहेस की कोण आहेस?"

त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. आत मामी सुईत दोरा ओवत होती. स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. बारा वर्षांत तिला गुणगुणण्याएवढा श्वास कधी पुरला नव्हता.

"तू मार," मामा म्हणाला. "तुझी छाती होत असेल तर जा. मी अडवणार नाही."

मी गेले. खरंच गेले. रागातच गेले.

उंबऱ्यात उभी राहिले. मामीच्या श्वासाचा आवाज नव्हता.

दारामागून, खालून... आखूड. लांब. आखूड. लांब. थकलेला आवाज. माझ्या पायांपासून हातभरावर.

मी श्वास भरून घेतला.

आणि दारामागची शिट्टी थांबली. कोणीतरी कान देऊन ऐकावं तशी.

मामीने वळून बघितलं. "काय गं? चहा झाला का?"

मी उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. ती शांतता तशीच होती. वाट बघत होती.

"हो," मी हळूच म्हटलं. "झालाय."

मी मागे फिरले. दोन पावलं गेले असेन, तर पाठीमागे शिट्टी परत सुरू झाली.

माझ्या हाकेने काही झालं नसतं, हाक मामाचीच लागली असती, असं मी रोज स्वतःला समजावते. पण ती ऐकायला थांबली होती, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि मी स्वयंपाकघरात जाऊन तीन कपांत चहा गाळला.