दहा लाख तीन

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात गाझियाबादच्या त्या नव्या सोसायटीला लिफ्ट नव्हती आणि भिंतींना अजून ओल्या सिमेंटचा वास होता. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत पद्माकर मास्तर रोज सकाळी एकच भागाकार करायचे. दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेतून निवृत्त होऊन ते लेकीकडे राहायला आले, त्या दिवसापासून. भाज्य कायम तेच, १०,००,००३. भाजक रोज पुढची मूळ संख्या. त्या दिवशी ९१९ होती. बाकी १३१.

"नाहीच जात!" मास्तर खुशीत म्हणाले. "शुभे, एवढी मोठी संख्या आणि आत शिरायला एक दार नाही. बस, ताळा घे."

भागणाऱ्याने स्वतःचा ताळा घ्यायचा नाही, तो दुसऱ्याने गुणून पाहायचा, असा त्यांचा शाळेपासूनचा नियम. वहीतला उजवीकडचा रकाना शुभदासाठी आखलेला होता. पाच महिने कोरा.

"बाबा, ऑफिसचा कम्प्युटर हे एका सेकंदात सांगेल."

"सांगेल ना. त्यालाही तुझ्यासारखी चार्टर्ड बस पकडायची असेल."

ती हसत जिना उतरली. संध्याकाळी दूध घेऊन चढताना मास्तर तिसऱ्या मजल्यावर दम खायला बसले, ते उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी शुभदाने वही उघडली. ९१९च्या खाली ९२९ होते. बाकी ३९९. नऊची शेपटी मास्तर काढायचे तशीच लांब. तिने गुणून पाहिले. बरोबर होते.

पुढच्या सकाळी ९३७.

"झोपेत तूच लिहीत असशील गं," पुण्याहून आलेली गिरिजाआत्या म्हणाली. मग वही लोखंडी कपाटात गेली आणि किल्ली आत्याच्या कमरेला. सकाळी आत ९४१. आत्याने किल्ली टेबलावर ठेवली, पुन्हा तिला हात लावला नाही. मग हळूच विचारले, "बाकी किती आली?"

शुभदाला भीती वेगळीच वाटत होती. वर्गमुळापर्यंत भागून पाहिले की काम संपते. या संख्येचे वर्गमूळ हजाराच्या किंचित पुढे. त्याआधीची शेवटची मूळ संख्या ९९७. तिथे ही संख्या मूळ असल्याची सिद्धता पुरी होणार, आणि बाबांना यायचे कारण उरणार नाही.

आठ सकाळी उरल्या होत्या.

ती पहिल्या पानापासून ताळे घेऊ लागली. भाजक चढत होता, भागाकार उतरत होता. जिन्यावर दोन माणसे एकमेकांकडे यावीत तसे ते हजाराकडे येत होते. मध्ये अफाट शांत ती संख्या. कोणालाच आत घेत नव्हती.

आठवी सकाळ. ९९७. भागाकार १००३. बाकी १२.

तिने शेवटचा ताळा लिहिला. जुळला.

रकाना भरला होता. बाल्कनीत धुके होते.

"बाबा," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "मला तुमच्याजवळ बसायला आवडायचं. कधी बोलले नाही. इतक्यात उठू नका."

यापुढची मूळ संख्या हजारापलीकडे होती. तिथे भागायला कुठल्याच गणितात कारण नव्हते.

ओळीखाली पेन्सिलीचा एक उमटला. मग शून्य. आणखी एक शून्य. आणि लांब शेपटीचा नऊ.