माथ्याची रेघ

१९६७ च्या जानेवारीत मी मुडबीला गेलो, ते चार ओळींच्या बातमीसाठी: बालवाडीची एक बाई चिनी अक्षरं शिकते आहे. गुलबर्ग्याच्या कचेरीत सगळे हसले होते.

विमलबाई पुढच्या खोलीत शहाबादी फरशीपुढे बसल्या होत्या. हातात कुंचला, शेजारी पाण्याचा तांब्या. पाण्यानं लिहायचं, वाळलं की फरशी पुन्हा कोरी. चिनी अक्षरांचं पुस्तक त्यांना विहारात मुक्कामाला आलेल्या एका भिक्खूंनी दिलेलं. बाहेर कुणीतरी तुरी बडवत होतं.

त्यांचा मुलगा व्यंकट बासष्टच्या चीनबरोबरच्या लढाईत बेपत्ता झाला होता.

“सरकार म्हणतंय, ठावं न्हाई,” त्या म्हणाल्या. “मग तिकडच्यांनाच इचारावं म्हणलं. माझ्या हातानं, त्यांच्या अक्षरात.”

शेजारच्या भागाबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, “पेपरवाले अण्णा, लिवा की! आमची अक्का चिनी सून बघायलीय.”

“बघायलेच की. आधी पोरगं तर गावू दे.”

त्यांनी एक अक्षर काढून दाखवलं. आधी माथ्याची आडवी रेघ, तिला छेदत डावीकडे तिरकी, मग उभी, शेवटी पोटात ‘माती’चं मूळ चिन्ह. साऱ्याचा अर्थ ‘आहे’.

“पोटात माती, अन् अर्थ ‘आहे’. बघा.”

वरची रेघ शेवटी ओढायची आपली मराठी सवय मोडायला त्यांना वर्ष लागलं होतं. “क्रम चुकला की फरशी चाडी करती. जे आधी लिवलं ते आधी वाळतं.”

खरंच, माथ्याची रेघ आधी विरली, माती शेवटी.

भागाबाईंचं हसू थांबलं होतं. “अक्का, ते सांग की. तू बालवाडीत असतीस तवा...”

“गप.”

“कामून गप? दाराला कुलूप असतंय, अन् फरशी वली.”

मी वर पाहिलं. माळवद ठणठणीत कोरडं होतं.

दोघी चहा ठेवायला आत गेल्या. कुंचला तांब्यावर आडवा होता. मी टिपण लिहून मान वर केली, तर फरशीवर तेच अक्षर होतं. ओलं.

मी हाक मारली. दोघी आल्या.

तिरकी रेघ वाळली. उभी वाळली. माती वाळली.

माथ्याची रेघ तेवढी राहिली.

“हे म्या लिवलं न्हाई,” विमलबाई हळूच म्हणाल्या. “व्यंकटला पाटीवर मीच शिकवलंय. वरची रेघ सगळ्यात शेवटी.”

मी वाकलो. फरशी गार होती. तांब्यातलं पाणी त्याहून गार.

रेघेवर बोट ठेवलं.

ती अंगासारखी कोमट होती.