मुद्दाम केलेल्या चुका

आधी मला त्याचं अक्षर भेटलं, तो नंतर.

आमच्या पत्रकारितेच्या वर्गात मराठी व्याकरण हा विषय सक्तीचा होता. त्यात पास झाल्याशिवाय पदवी नाही. शिकवायला विजयमाला मॅडम. तीस वर्षं एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधन करून आलेल्या. “कर्ता लपवायचा असेल तर राजकारणात जा, बातमीदारीत नको,” असं शांतपणे म्हणायच्या आणि पुढचं वाक्य फळ्यावर लिहायच्या.

जानेवारीत पहिली चाचणी झाली. मॅडमनी उत्तरपत्रिका पत्त्यांसारख्या पिसल्या आणि एकमेकांच्या तपासायला दिल्या. मला आलेली मी लालेलाल करून टाकली. चाळीसपैकी नऊ.

तास सुटल्यावर जिन्यात एक उंच, सावळा मुलगा आडवा आला. हातात तीच पत्रिका.

“प्रियदर्शनी तूच ना? एवढं रक्त काढलंस, निदान पट्टी तरी बांध.”

“तीन वेळा ‘पानी’ लिहिणाऱ्याला पट्टी पुरत नाही. टाके घालावे लागतात.”

“आमच्या आर्वीत पानीच असते,” तो म्हणाला. “तहान भागते त्यानंही.”

मला हसू आवरेना. त्याचं नाव समर्थ. बाकीचे सगळे विषय त्याचे मागच्याच वर्षी सुटले होते. हा एकच पेपर दोनदा राहिला होता. बातम्या मात्र तो फार छान लिहायचा. नागपूरच्या एका दैनिकानं त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण जूनपर्यंत पदवी दाखवायची या अटीवर.

“शिकवशील मला?” त्यानं विचारलं.

“मीच का?”

“माझ्या लिहिण्याकडे इतकं लक्ष... आजवर कोणी दिलं नाही.”

मी वहीत बघत राहिले. वहीत काहीच नव्हतं.

मग रोज संध्याकाळी तो माझ्याबरोबर येरवड्याच्या बसमध्ये चढू लागला. त्याची खोली कर्वेनगरला, म्हणजे अगदी उलट दिशेला. मी खिडकीशी, तो शेजारी, मांडीवर वही. संचेती हॉस्पिटलपर्यंत ऱ्हस्व-दीर्घ, स्टेशनपर्यंत प्रयोग, आणि बंडगार्डनचा पूल आला की दोघंही गप्प. पुलावर गार वारा यायचा, माझी ओढणी त्याच्या हातावर उडायची. तो ती बाजूला करायचा नाही. मीही आवरून घ्यायचे नाही.

“काय पाहून राहिली?” तो विचारायचा.

“‘काय बघतेस’ म्हणायचं. परीक्षेत तरी.”

“परीक्षेत तुला कशाला विचारू?”

मार्चमध्ये ऊन तापलं तेव्हा त्याला सगळं येऊ लागलं होतं. कर्मणी आणि भावे यांतला फरक त्यानं मला असा समजावून दिला की मीच ऐकत बसले. तो पास होणार हे मला दिसत होतं. पास झाला की जाणार, हेही. त्याच्या वहीत लाल खुणा कमी होत गेल्या आणि मला रात्री झोप येईनाशी झाली.

दुसऱ्या चाचणीला त्याची पत्रिका माझ्या बाकावरच्या रुपालीकडे गेली. मी ती तिच्याकडून मागून घेतली. रुपालीनं भुवई उंचावली आणि पत्रिका माझ्यापुढे सरकवली.

मी वाचत गेले. परवाच बसमध्ये घडाघडा सांगितलेले नियम त्यानं इथं उलटे लिहिले होते. ‘पाणी’ आधी बरोबर लिहून, ‘णी’ खोडून, वर ‘नी’ केला होता. चाळीसपैकी अकरा.

कॅन्टीनमागच्या पायऱ्यांवर तो एकटाच बसला होता. मी पत्रिका त्याच्यापुढे धरली.

“हे काय आहे?”

“चुका.”

“या तुझ्या चुका नाहीत, समर्थ. तुझ्या चुका मला पाठ आहेत.”

तो चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिला.

“पास झालो की जावं लागते,” तो म्हणाला. “परीक्षेतही असंच लिहून नापास झालो तर... अजून सहा महिने ती बस आहे.”

हो, राहा, असं म्हणावंसं वाटलं. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण त्याची आई गावात मुलाची पहिली बातमी कधी छापून येते याची वाट बघत होती, आणि मी ज्या मुलाच्या लिहिण्यावर भाळले होते, त्याचं लिहिणंच मी थांबवणार होते.

“तू मुद्दाम नापास झालास,” मी म्हटलं, “तर मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. आणि मला ते जमणार नाही. तेव्हा पास हो.”

त्यानं मान वर केली. “का जमणार नाही?”

“तुला माहितीये.”

“तरी सांग.”

“आवडतोस म्हणून,” मी म्हटलं, आणि उठून चालू लागले, कारण डोळे भरून आले होते.

मेमध्ये अंतिम परीक्षेचा निकाल लागला. शंभरपैकी एकाहत्तर. मॅडम त्याला म्हणाल्या, “छान. आता पुन्हा माझ्या वर्गात दिसू नका.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्याला स्टेशनवर सोडायला गेले. गाडी लागलेली होती. सामान ठेवून तो परत खाली उतरला.

“आईला तुझ्याबद्दल सांगितलं,” तो म्हणाला. “आडनावासकट.”

आमच्या पणजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला. त्याचं घर कुणब्यांचं. आडनाव सांगितलं म्हणजे सगळं सांगितलं.

“मग?”

“दोन दिवस बोलली नाही. काल म्हणाली, आधी नोकरीवर रुजू हो, मग बसून बोलू. नाही म्हणाली नाही, प्रियदर्शनी. मी बोलीन तिच्याशी. पुन्हा पुन्हा बोलीन.”

गाडी हलली तेव्हा त्याच्या हातातून माझी बोटं एकेक करून सुटली. तो दारात उभा होता, दिसेनासा होईपर्यंत.

घरी पोहोचले तेव्हा बाबा दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होते. “उशीर झाला?” त्यांनी विचारलं.

“स्टेशनवर गेले होते. एकाला सोडायला.”

“कोणाला?”

विषय टाळता आला असता. पण तिकडे तो एकट्यानंच सगळं बोलणार, हे मला नको होतं.

“समर्थ गावंडे,” मी म्हटलं. “आर्वीचा. बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय.”

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग हातातला तांब्या खाली ठेवला आणि पायरीवर सरकून माझ्यासाठी जागा केली.