धुरेचा दिवा

नदीकाठच्या मांडवात चहा उकळत होता आणि निवळे गावची माणसं अंगावर बाह्या चढवत होती. या बाह्या सदऱ्याच्या नव्हेत. खांद्यापासून मनगटापर्यंत घट्ट बसणाऱ्या त्या राखाडी बाह्यांत कृत्रिम स्नायूंचे धागे विणलेले होते. बाही चढवून जोर लावला की धागे आक्रसत आणि साधा माणूस आपल्या ताकदीच्या कितीतरी पट वजन उचली. शिवाय सगळ्या बाह्या बिनतारी संदेशांनी एकमेकींशी बांधलेल्या होत्या, त्यामुळे वीसेक माणसांचं बळ एकाच वेळी एकाच ओझ्याला लागे.

पहिला चिरा उचलला गेला आणि नेहमीप्रमाणे एकाच खांद्यावर पिवळा दिवा लागला. झुलेखा सोलकरच्या. विश्राम शिवगणने तिकडे पाहिलं नाही, म्हणजे इतरांना कळेल असं पाहिलं नाही. कडू काढा घ्यावा तसा त्याने चहा संपवला.

महापुरात निवळ्याचा साकव वाहून गेला होता. साकव म्हणजे नदीवरचा माणसांपुरता छोटा पूल, पण अलीकडची वाडी आणि पलीकडचा मोहल्ला यांचं दुकान, दवाखाना, शाळा सगळं त्याच्यावरून चाले. क्रेन यायला रस्ता नव्हता आणि रस्ता यायला साकव नव्हता. तेव्हा दोन्ही काठांनी श्रमदान करायचं ठरवलं. मदत करणाऱ्या एका संस्थेने बाह्या पाठवल्या. त्या बनवणारी अन्विता सरपोतदार नावाची अभियंता एक दिवस येऊन शिकवून गेली. तिला पुढच्या गावाला जायचं होतं, त्यामुळे दिव्याबद्दल तिने घाईघाईत एवढंच सांगितलं, "ज्याच्या खांद्यावर दिवा लागेल तो धुरा. सगळ्यांनी धुरेकडे लक्ष द्यायचं."

मराठी माणसाला धुरा म्हटलं की ती सांभाळणारा पुढारीच दिसतो. निवळेकरांनी धुरेकडे लक्ष दिलं ते असं: पहिला चहा धुरेला, सावलीतली जागा धुरेला, आणि कामात शब्द धुरेचा. पहिला महिनाभर हा दिवा विश्रामच्या खांद्यावर होता. होड्या ओढायच्या असोत की मांडवाचे खांब रोवायचे, आरोळी द्यायला गावात आजवर विश्रामच पुढे असे. दिवा त्याच्याकडे आला यात कोणाला नवल वाटलं नाही, त्याला तर मुळीच नाही. रोज अरे-तुरे करणारा सख्खा चुलतभाऊसुद्धा त्याला अहो म्हणू लागला. संध्याकाळी खांदे ठणकत. विश्राम दार लोटून तेल चोळी आणि बायकोला सांगे की थंडीने अंग आखडलंय.

मग तो तापाने दोन दिवस अंथरुणाला खिळला. परतून आला तेव्हा दिवा झुलेखाकडे गेला होता.

झुलेखा मोहल्ल्यातली. साकव गेल्यापासून ती नवऱ्याच्या होडीतून दोन्ही काठांच्या माणसांना फुकट ने-आण करत होती आणि उरलेल्या वेळात कामावर येत होती. तिच्याविरुद्ध बोलायला विश्रामकडे काहीही नव्हतं आणि हेच त्याला सर्वांत जास्त झोंबत होतं. ती पलीकडची म्हणून तो जळत नव्हता, इकडचा कोणी असता तरी तो तितकाच जळला असता. ती आरोळी द्यायची तीसुद्धा बेताच्या आवाजात, आणि तरी माणसं हलायची. आपल्याला घसा फोडावा लागायचा, हे त्याला राहून राहून आठवे. इतरांशी बोलताना तो तिचा उल्लेख 'ती बाई' असा करी आणि तिच्याशी बोलायची वेळच येऊ देत नसे.

घरी तो जेवताना गप्प बसू लागला. त्याची बायको सुलभा चार दिवस सोसून म्हणाली, "तुमच्या खांद्यावर दिवा नाही म्हणून आपल्या घरात का काळोख करताय?" तो ताटावरून उठला.

कामाला मात्र तो रोज जाई. न जाऊन सांगतो कोणाला? ओळीत उभा राही, ओझ्याला हात लावी, दातओठ खाई. फक्त जोर लावत नसे. दिवा तिचा, तर ओझंही तिनेच बघावं. दिवस सरत गेले तसा झुलेखाच्या खांद्यावरचा दिवा अधिकच लखलखू लागला आणि त्याचा जीव अधिकच जळू लागला.

आज शेवटून दुसरी तुळई बसवायची होती. बांबूचे धागे दाबून केलेली ती लांबलचक तुळई सगळ्यांनी मिळून उचलली, पाण्यातल्या बांधावर पाय रोवत पुढे नेली. तुळईचं टोक खांबाजवळ पोचत होतं तेवढ्यात काठावर अन्विता आली. ती बाह्यांच्या बॅटऱ्या तपासायला आली होती. झुलेखाचा खांदा नजरेस पडताच हातातली पेटी टाकून ती पाण्यात उतरली.

"त्यांच्यावरचं वजन कमी करा," ती म्हणाली. "दिवा इतका पेटलाय आणि तुम्ही बघताय काय? मी सांगितलं होतं ना, धुरेकडे लक्ष द्या म्हणून?"

"देतोय की," ओळीतून कोणीतरी म्हणालं. "ती सांगते तसंच चाललंय सगळं."

यांनी धुरा म्हणजे पुढारी धरलाय, हे आता अन्विताच्या लक्षात आलं. मग तिने भराभर सांगितलं. एखाद्याचा जोर कमी पडला तर ओझं कोसळू नये म्हणून बाह्या ते राहिलेलं वजन दुसऱ्या कोणावर तरी टाकतात. जो हात मागे घेत नाही, त्याच्यावर. बैलाच्या मानेवर धुरा येते तसं, म्हणून तिने ते नाव दिलं होतं. दिवा मानाचा नव्हता. हा माणूस इतरांचं ओझं वाहतोय, त्याला सांभाळा, एवढंच तो सांगत होता.

तुळई तशीच अधांतरी होती. खाली ठेवावी तर पाण्याची ओढ तिला घेऊन गेली असती. विश्रामने महिनाभरात पहिल्यांदा झुलेखाच्या तोंडाकडे पाहिलं. खालचा ओठ तिने दाताखाली धरला होता आणि कोपर थरथरत होतं. तीही घरी जाऊन दार लोटून तेल चोळत असणार, आणि ठणका हा मानाबरोबर येतोच असं समजत असणार. हे विश्रामइतकं कोणाला कळणार होतं? हिच्या दिव्याला इतके दिवस तेल आपणच घातलं, या विचाराने तो खजील झाला.

पण त्याच क्षणी त्याला दुसरंही उमगलं. आता आपण खरा जोर लावला की हिचा दिवा उतरणार, आणि तो कोणाच्या हाताने उतरला हे सगळ्या निवळ्याला दिसणार. अजून सुटायला वाव होता. दिवा जळत राहिला असता तर कामचोर कोण, ते कोणालाच सांगता आलं नसतं.

विश्रामने पाय रोवले आणि उचललं.

झुलेखाचा दिवा झपकन उतरला. माणसांच्या नजरा वळल्या. चुलतभावाने तर तोंडच उघडं टाकलं. विश्रामचे कान तापले, पण त्याने हात ढिले केले नाहीत. दिवा मंद झाला होता, तरी विझला नव्हता. म्हणजे हात नुसते टेकवणारा तो एकटाच नव्हता. आरोळी देतात तो आवाज त्याच्या छातीतून आपोआप आला, "हात लावलेत ना, मग आता उचला रे. मी पण आत्ताच उचललंय."

कोणी हसलं नाही. ओळीत इथे एक पाठ ताठ झाली, तिथे एक खांदा सरसावला. दिवा लुकलुकला आणि विझला. वीसेक खांद्यांवर कुठेच उजेड नव्हता आणि तुळई अलगद, न कुरकुरता खांबावर जाऊन बसली.

काठावर आल्यावर अन्विताने झुलेखाची बाही उतरवली. खांदा सुजून टम्म झाला होता. आठवडाभर होडीही वल्हवायची नाही आणि इथेही यायचं नाही, असं तिने बजावलं. विश्राम जरा लांब उभा होता. शेवटी तो जवळ गेला आणि आयुष्यात प्रथमच त्याने तिला हाक मारली.

"झुलेखाबाय, सगळ्यात सैल हात माझा होता."

"कळलं ते मघाशीच," ती म्हणाली. मग तिने उतरवलेली बाही बाजूला सारली. "तुमच्या खांद्यावर दिवा होता ना, विश्रामभाऊ, तेव्हा सगळ्यात सैल माझा होता. तुमची आरोळी कानावर आली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मनात म्हणायचे, एवढा मान आहे ना, मग उचला एकट्याने."

विश्रामला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याला हलकं वाटलं, आणि आपल्याला हलकं वाटतंय याचं थोडं भयही वाटलं. दोघं शेजारी बसली. मांडवात माणसं आपापल्या बाह्या उतरवत होती आणि एकमेकांच्या खांद्यांकडे बघायचं टाळत होती. शेवटची तुळई अजून बाकी होती. साकव झाल्यावर शाळा होती, मग दवाखाना.

"खरं सांगा," विश्राम म्हणाला, "आता रोज सगळ्यांनी नीट उचललं आणि दिवा कोणाच्याच खांद्यावर लागला नाही, तर चुकल्यासारखं वाटेल का तुम्हाला?"

झुलेखाने सुजलेल्या खांद्यावर हात ठेवला आणि मान डोलावली.

"वाटेल," ती म्हणाली. "आणि तुम्हाला?"