वारा येतोय का?

माझी मावशी खोटं बोलत नाही. म्हणजे तिला ते जमतच नाही. वाढदिवसाची भेट लपवायची म्हटली तरी तिचा चेहरा आधी फितूर होतो. म्हणून मी हे खरं मानते. तुम्ही तुमचं ठरवा.

आणि हे रात्री घडलेलं नाही. डिसेंबरातला मंगळवार होता, संध्याकाळचे साडेचार. तळ्याकाठी मुक्कामाच्या गाड्या लावायचं एक मैदान आहे, तिथे. राखणदाराची खोली शंभर पावलांवर.

गाडी म्हणजे काकांची घरगाडी. मावशीचा नवरा जन्मभर वायरमन. निवृत्त झाल्यावर एक जुनी मिनीबस घेऊन दोन वर्षं खपला आणि तिच्यात पलंग, ओटा, शेगडी, हीटर, सगळं बसवलं. दोघं वर्षातले पाच-सहा महिने त्यातच फिरायची.

गाडीच्या बाबतीत काका महाकटकटे. विजेची वायर आधी गाडीला लावायची, मग मैदानातल्या विजेच्या खांबाला. वायरीची गुंडाळी पूर्ण सोडायची, नाहीतर तापते. शेगडी स्वयंपाकासाठी, ऊब घ्यायला नाही. आणि टेबलाखाली, जमिनीत, तळहाताएवढी एक जाळी होती. ती कधीच बंद करायची नाही. गळलेला गॅस तिथून खाली जातो आणि ताजी हवा तिथूनच वर येते.

जन्मभर विजेचे झटके खाऊन काकांची बोटं बधिर झाली होती. वारा त्यांना कळायचाच नाही.

म्हणून रोज झोपायच्या आधी ते गुडघ्यांवर बसत. जाळीवर बोटाने दोनदा वाजवत.

टक. टक.

"वारा येतोय का?"

मग मावशीने पलंगावरून वाकून जाळीवर हात धरायचा. "येतोय हो. झोपा आता."

रोज. अकरा वर्षं.

मावशीला थंडी सोसत नाही. काका बाहेर गेले की ती त्या जाळीत त्यांचा लोकरीचा मोजा कोंबायची. काका परत आले की मोजा काढायचे, त्याची नीट चौकोनी घडी घालायचे आणि दाराच्या पायरीवर ठेवायचे. भांडण नाही, शब्द नाही. नुसती घडी. त्या घडीचा मावशीला इतका राग यायचा की विचारू नका.

सप्टेंबरात काका गेले. हॉस्पिटलात, हृदयविकाराने, तीन दिवसांत.

मुलाने गाडीला गिऱ्हाईक शोधलं. काका गेल्यापासून गाडी तळ्यावरच उभी होती, गुरुवारी गिऱ्हाईक ती न्यायला येणार होतं. मावशी म्हणाली, दोन दिवस आधी मी जाते, मला निरोप घ्यायचाय. मुलाने तिला मंगळवारी सोडलं आणि तो कामावर गेला.

गार वारा सुटला होता. वायर कशी लावायची ते मावशीला नीट येत नव्हतं, आणि विचारायचं कुणाला? बॅटरीवर हीटर तासभर चालला. मग त्याचा पंखा मंदावला... आणि थांबला.

मावशीने खिडक्या लावल्या. शेगडीचे दोन्ही बर्नर पेटवले. जाळीत मोजा कोंबला.

विषारी हवेचा अलार्म भिंतीवर होता, पण त्याचा सेल संपत आला म्हणून तो चिवचिवायचा. महिन्यापूर्वी गाडी झाडायला आली होती तेव्हाच तिने त्यातला सेल काढून टाकला होता.

ऊब आली. डोकं जड झालं. तिला त्याचं काही वाटलं नाही. तीन महिने रडून रडून डोकं दुखतच होतं.

डोळे मिटायला लागले.

तेवढ्यात... शेगडीची ज्योत बारीक झाली.

मग विझली. दोन्हीकडची.

गाडीत काही आवाज नाही. आणि मग... पायाखालून...

टक. टक.

मावशीच्या घोट्यांना गार वारा लागला. तिने टेबलाखाली पाहिलं. जाळी मोकळी होती. मोजा नव्हता.

भिंतीला धरत, ठेचकाळत तिने दार उघडलं.

पायरीवर मोजा होता. चौकोनी घडी घातलेला.

सिलिंडरचं कपाट बाहेरच्या बाजूला असतं. त्याला कुलूप होतं. किल्ली मावशीच्या गळ्यात. तिने कुलूप उघडून पाहिलं तर सिलिंडरची चावी गच्च बंद. इतकी गच्च की तिला दोन्ही हात लावावे लागले. काका तशीच बंद करायचे.

दुसरी कुणी असती तर किंचाळत पळाली असती. मावशी पायरीवर बसली आणि हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"मेले कटकटे," ती म्हणाली. "गेलात तरी सुधारला नाहीत."

आता पुढचं. हे सांगताना मावशीने मान खाली घातली होती.

बुधवारी दुपारी तिने पुन्हा खिडक्या लावल्या. सिलिंडर उघडला. दोन्ही बर्नर पेटवले. जाळीत मोजा कोंबला. चुकून नाही. मुद्दाम.

"मरायचं नव्हतं गं मला," ती मला म्हणाली. "त्यांनी यावं एवढंच हवं होतं."

ती पलंगावर बसून राहिली. कान जमिनीकडे.

डोकं जड झालं. ज्योत बारीक झाली नाही.

टकटक नाही.

"अहो," ती मोठ्याने म्हणाली, "मोजा कोंबलाय बघा. या ना. रागवा ना माझ्यावर."

काही नाही. हात-पाय आपले नाहीतच असं तिला वाटायला लागलं. खिडकीची काच दोन-दोन दिसत होती.

आणि मग... जमिनीखालून... अगदी जाळीच्या खाली...

कुणीतरी रडत होतं.

हुंदका दाबून, श्वास अडकत. मध्येच घसा खाकरला. ते खाकरणं मावशी झोपेतही ओळखेल.

चाळीस वर्षांच्या संसारात तिने काकांना कधी रडताना ऐकलं नव्हतं. त्यांची आई गेली तेव्हा नाही. पोरगा शिकायला परदेशी गेला तेव्हा नाही. आता लहान मुलासारखे रडत होते, आणि थांबत नव्हते.

त्या दिवशी ज्योत कुणी विझवली नाही. मोजा कुणी काढला नाही. ते तिलाच करावं लागलं.

ती पलंगावरून खाली पडली. गुडघ्यांवर रांगत ओट्यापर्यंत गेली आणि बर्नर बंद केले. रांगतच टेबलाखाली शिरली. मोजा ओढून काढला. जाळीवर हात धरला. बर्फासारखी गार हवा तळव्याला लागली.

"येतोय हो," ती म्हणाली. "वारा येतोय. झोपा आता."

रडणं थांबलं.

त्यानंतर ती त्या गाडीत किती वेळ हाका मारत बसली, ते तिने मला सांगितलं नाही. राखणदाराला ती उघड्या दारात सापडली, मोजा छातीशी धरून.

गुरुवारी गिऱ्हाईक आलं आणि हात हलवत परत गेलं.

याला आठ वर्षं झाली. मावशी आता वायर स्वतः लावते. आधी गाडीला, मग खांबाला. अलार्मचा सेल दर सहा महिन्यांनी बदलते. सिलिंडर न विसरता बंद करते. आणि गाडीत मुक्काम असला की दिवेलागणीला जाळीवर दोनदा वाजवते आणि वाट बघते.

खालून कधी काही आलं नाही. एकदाही नाही.

गेल्या महिन्यात मी तिच्यासोबत गेले होते. तेच मैदान. संध्याकाळी तिने चहा केला, गॅस बंद केला आणि जाळीवर वाजवलं. मग कप दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर बसली.

आणि...

टक. टक.

माझ्या पायाखाली. इतकं स्पष्ट की माझ्या कपातला चहा हलला.

मी मावशीकडे पाहिलं. ती तशीच बसली होती, कान देऊन. तिचे कान चांगले आहेत. शेजारच्या घरात फोन वाजला तरी तिला कळतो.

थोड्या वेळाने तिने उसासा टाकला.

"बघ," ती म्हणाली, "आजही नाही."

ती कप विसळायला उठली. मी टेबलाखाली हात घातला आणि जाळीवर धरला. ओठातल्या ओठात म्हटलं, "येतोय काका."

मावशीला मी सांगितलेलं नाही. मला ते सांगता येत नाही.