तिसऱ्यांदा विचारलं तर

व्हॅनची वाफ धरलेली काच.

झाकणाखाली बटाटे, गाजर, ग्रेव्ही.

निळा थर्मास.

भाव्यांची गुंजन सध्या ऑनलाइन कोर्स करते — असं डब्लिनच्या गणपतीत सगळ्यांना माहीत.

गुंजन कोर्स करत नव्हती. कॉलेज अर्धवट सुटलं, नोकरी लागेना, तेव्हा सरकारने तिला वर्षभराच्या सक्तीच्या सेवेला लावलं. आयर्लंडमधल्या मलिंगार गावाच्या आसपास एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण पोचवायचं. नाही म्हटलं तर बेकारभत्ता कापणार. व्हॅन चालवायला तसाच दुसरा बेकार मिळाला, जयेश. शाळेत असताना नर्स आईबरोबर नाशिकहून आलेला.

सकाळी व्हॅनमध्ये बसेपर्यंत गुंजन कुणाशी बोललेली नसे. डॉक्टर आईबाबा ड्युटीवर, नाहीतर झोपलेले, नाहीतर... गप्प.

डबा घेताना मिसेस कीर्नन दारातच विचारायच्या, "चहा घेणार?" पहिल्या आठवड्यात जयेश पटकन हो म्हणाला आणि बाई गडबडल्याच.

"लगेच हो नाही म्हणायचं रे," व्हॅनमध्ये गुंजन हसत म्हणाली. "दोनदा नको. तिसऱ्यांदा विचारलं की हो. इथली रीत आहे."

"आणि तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर?"

"तर तुला चहा द्यायचाच नव्हता."

"आमच्या नाशिकला विचारत बसत नाहीत. ओततात."

वर्षभर ती याच व्हॅनमध्ये हसली. बाहेर कुठे नाही.

मग शेवटचा शुक्रवार. जयेशला दूर कॉर्क शहरातल्या औषध कारखान्यात पॅकिंगचं काम लागलं होतं. रिकामे डबे मागे खडखडत होते, वायपर काचेवर घासत होता.

"कॉर्कला येतेस?" रस्त्यावरची नजर न काढता त्याने विचारलं.

"नको."

"काम मिळेल तुलाही. ये ना."

"नको रे..."

का म्हणाली, तिलाच कळेना. सवय, बहुतेक. किंवा भीती, की तो कीव येऊन विचारतोय. ती तिसऱ्या वेळेची वाट पाहत राहिली. त्याने गिअर बदलला. थांब्यापाशी व्हॅनची किल्ली तिच्या हातावर ठेवली, बोटं जरा जास्तच वेळ टेकली — आणि तो कॉर्कच्या बसमध्ये चढला.

व्हॅनमध्ये ग्रेव्हीचा वास राहिला. शेजारची सीट रिकामी. परत जायला घर होतं, पण तिथे आज कोण बोलणार होतं? तिने फोन लावला.

"दोनदाच विचारलंस."

पलीकडून बसचा आवाज येत होता.

"तिसऱ्यांदा नको आलं की मग ते खरंच नको असतं," जयेश म्हणाला. "तुझ्याच रीतीने. माझी हिंमत नाही झाली, गुंजन."

"विचार."

"...कॉर्कला येतेस?"

वर्षापूर्वी, सेवेच्या पहिल्या दिवशी, पहिल्या घरी पोचायच्या आधी, जयेशने आपल्या निळ्या थर्मासच्या झाकणात तिला न विचारताच अर्धा चहा ओतून दिला होता, आणि तिने एकदाही नको म्हटलं नव्हतं.