कातळावरची इशबेल

लीथ बंदरामागच्या छापखान्यात ड्यूगल्ड एअर्ड चौतीस वर्षं पोलादावर कोरीवकाम करत होता. एका बँकेने एक पौंडाच्या नव्या नोटेचं काम दिलं, तेव्हा चित्र ठरलेलंच होतं. समुद्रकाठच्या कातळावर बसलेली तरुणी म्हणजे स्कॉटलंड. पायाशी काटेरी फुलाचं झुडूप, तो देशाचा ताठा. टाचेखाली जहाजाचा नांगर, ती आशा. मागे व्यापाराचं जहाज. चेहरा कुणाचा, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ड्यूगल्डने इशबेलचा कोरला. त्याची एकुलती एक मुलगी त्याच हिवाळ्यात, एकोणिसाव्या वर्षी, घटसर्पाने गेली होती.

दर वसंतात त्याच पोलादी ठशावरची तारीख बदलून नव्या नोटा निघत. पगारात आलेली एक कोरी नोट ड्यूगल्ड जपून घरी आणी.

तीन वर्षांनी, सकाळची लापशी ढवळता ढवळता त्याची बायको ग्रिझेल म्हणाली, "हिचे गाल का रे उतरवलेस?"

त्याने काहीच केलं नव्हतं. कामावर जाऊन त्याने ठसा भिंगाखाली धरला. पोलादावरची इशबेल एकोणीस वर्षांची होती. नोटेवरची बावीसची. मुकादम रँकिनला दोन्ही सारख्याच दिसल्या. त्याने ड्यूगल्डला चार दिवस सुट्टी घ्यायला सुचवलं.

मग दोघांनी कुणाला सांगायचंच सोडलं. नवी नोट आली की खिडकीपाशी खुर्च्या ओढून बसायचे. एका वर्षी इशबेलच्या बोटात अंगठी दिसली. ग्रिझेल दुपारभर रडली आणि मग उठून तिने केक भाजला. पुढे मांडीवर तान्हं मूल आलं. त्याच्या पुढच्या नोटेवर मांडी रिकामी होती आणि इशबेलची मान खाली. त्या वर्षी ग्रिझेल रोज त्या कागदाशी हलक्या आवाजात बोलत राहिली.

नंतरच्या वसंतात ड्यूगल्ड नोट घेऊन आला आणि दारातच थांबला. टोपीही काढली नाही.

ग्रिझेलने ती त्याच्या हातातून घेतली.

इशबेल थेट समोर बघत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आणि ती कातळाच्या कडेला सरकून बसली होती.

शेजारी एका माणसापुरती जागा होती.

रस्त्यावरून एक घोडागाडी गेली. ग्रिझेलने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मी बारीक आहे," ती म्हणाली. "मी मावेन."

ड्यूगल्डही तीच जागा डोळ्यांनी मापत होता.